एकोणतिसाव्या वर्षी नोकरी सोडली तर ‘टप्पा’ चुकतो का?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी २९ वर्षांची. आयटीतली सात वर्षांची नोकरी सोडून तिला मानसशास्त्रात एम.ए. करायचं आहे. ‘तिशीपर्यंत स्थिरावला नाही तो मागे पडतो, हे शास्त्राने सिद्ध केलंय’ असं तुम्ही एका व्याख्यानात ऐकलंत आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे.

ताई, असं काही सिद्ध झालेलं नाही.

वयानुसार टप्पे आखणारा गाजलेला तक्ता अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिन्सन यांचा. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकाला आधार होता ४० पुरुषांच्या मुलाखतींचा: कामगार, कंपन्यांतले अधिकारी, जीवशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार, प्रत्येकी दहा. सगळे पस्तिशी ते पंचेचाळिशीतले. म्हणजे विशीतलं आयुष्य त्यांनी बरंचसं आठवून सांगितलं, आणि आठवताना आपण सगळेच घटनांची सोयीची संगती लावतो. त्यांत एकही स्त्री नव्हती. ४५ स्त्रियांच्या मुलाखतींवरचं त्यांचं पुस्तक थेट १९९६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलं. शिवाय, त्याच तक्त्यात २८ ते ३३ ही वर्षं फेरविचाराची मानली आहेत! पण मुलीची बाजू घ्यायला मी हा आधार वापरणार नाही. जो पुरावा तुमच्या भीतीला पुरत नाही, तो माझ्या दिलाशालाही पुरत नाही.

एकाच गटातल्या माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणारे अभ्यास मला जास्त भरवशाचे वाटतात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ९२ गटांची माहिती एकत्र केली. जबाबदारीने वागणं आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जातं, विशेषतः विशी ते चाळिशीत, असं त्यांना दिसलं. पण ही हळूहळू होणारी वाढ आहे. अमुक वाढदिवसाला बंद होणारं दार त्यात कुठेही नाही.

तेव्हा वयाची काळजी सोडा आणि मुलीशी कामाचं बोला. दोन वर्षांचा खर्च कसा भागणार? समुपदेशन करायचंय, संशोधन की अध्यापन? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचं असेल तर साधं एम.ए. पुरत नाही, भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. प्रवेश घेण्याआधी तिने या क्षेत्रातल्या दोघा-तिघांना भेटून त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावं. राजीनामा त्यानंतर.