लाइट गेले आणि माझं 'घेई छंद' कायमचं बिघडलं

प्रश्न वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही, स्वतःवर. तुम्ही विचारलंय की एका मैफिलीत ऐकलेलं गाणं डोक्यात असं काही बसलंय की आता तेच गाणं दुसऱ्या कोणाचं, अगदी मूळ रेकॉर्डसुद्धा, ऐकवत नाही, तर हा दोष कानाचा की गाण्याचा, आणि यावर इलाज काय. इलाज माझ्याकडे नाही, आधीच सांगून टाकतो, मी स्वतः पस्तीस-एक वर्षं याचा पेशंट आहे. पण माझ्या केसमध्ये कारण सापडलंय आणि ते कलेबिलेच्या मानाने फारच बावळट आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझं बिघडलेलं गाणं 'घेई छंद मकरंद'. माहीत नसलेल्यांसाठी: 'कट्यार काळजात घुसली' नाटकातलं पद. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, रंगभूमीवर आलं डिसेंबर १९६७ मध्ये आणि त्यातले खांसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. आता गंमत बघा, तुमचा प्रश्न या नाटकाच्या पोटातच आहे. हे पद नाटकात दोघं गातात, पंडितजी आणि खांसाहेब, एकमेकांचे प्रतिस्पर्धी गवई, शब्द तेच, गाणं वेगळं. पंडितजींचं सालगवराळी रागात, संथ, एकेका स्वरावर रेंगाळणारं. खांसाहेबांचं धानी रागात, चढ्या लयीत, तानांवर ताना. पंडितजींची भूमिका भार्गवराम आचरेकर करायचे, मोठा गाणारा माणूस, पण आज कोणालाही घेई छंद गुणगुणायला सांगा, बहुतेक जण खांसाहेबांचंच गुणगुणतील. म्हणजे एका गाण्याने दुसरं झाकोळणं हे तिथे स्टेजवर रोज रात्री होत होतं, फक्त तिथे ते कथानक होतं.

माझी गोष्ट मात्र वसंतरावांची नाहीच.

मी नववीत असेन, १९८७-८८ चा सुमार. रत्नागिरी जिल्ह्यात आमचं गाव, देवळाच्या उत्सवात एक रात्र कीर्तन, एक रात्र नाटक, एक रात्र गाणं असं ठरलेलं. त्या वर्षी गाण्याला मुंबईहून कोणी यायचे होते ते आले नाहीत (एसटी चुकली म्हणे, खरं खोटं देव जाणे) म्हणून ऐनवेळी शेजारच्या गावच्या शाळेतले मास्तर आणून बसवले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पेटी स्वतःच घेऊन बसायचे, तबल्याला गावचे पोस्टमन. लोक निम्मे आधीच उठायच्या तयारीत, कारण मास्तरांना सगळ्यांनी शाळेत प्रार्थना म्हणताना ऐकलेलं, त्यात काय नवीन.

तासाभराने त्यांनी घेई छंद काढलं. धानीतलं. मी ते पद तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो हे लक्षात ठेवा, इथेच सगळी मेख आहे. अंतऱ्यात 'मिटता कमलदल' अशी ओळ येते, कमळ मिटतं आणि भुंगा आत अडकतो, आणि नेमकं त्या शब्दांवर लाइट गेले. आता हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मीठमसाला लावतोय, वाटू दे वाटायचं तर. अख्खा सभामंडप काळोखात, माइक मेला, पोस्टमनांचा हात थांबला. आणि मास्तर गप्प. पेटीचा एक सूर तेवढा धरलेला. कोणी हललं नाही, पोरंसुद्धा ओरडली नाहीत, एरवी लाइट गेले की आम्ही शिट्ट्या मारायचो. त्या शांततेत मागून कोणीतरी म्हातारा हळूच 'होय म्हाराजा' म्हणाला. आणि मग मास्तरांनी माइकशिवाय, नुसत्या गळ्याने, पुढची ओळ उचलली, 'होई बंदी', आणि तबला बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मिळाला. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता टाइप करतानाही येतोय. ग्यासबत्ती आली तोवर पद संपलं होतं.

चुलतभाऊ दादा मुंबईहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, घेऊन आला होता. त्याला प्लग मिळाला नव्हता, माइकवाल्याने अडवला होता, म्हणून त्याचं रेकॉर्डिंग सेलवर चालू होतं आणि त्यामुळेच लाइट गेल्यावरही बंद पडलं नाही. ती कॅसेट मी त्याच्याकडून मागून घेतली आणि पुढची दोनेक वर्षं झिजवली. ताना पाठ, शांतता पाठ, म्हाताऱ्याचं 'होय म्हाराजा' पाठ.

मग कधीतरी अकरावीत कोल्हापूरला आत्याकडे राहायला गेलो आणि तिच्याकडे पहिल्यांदा वसंतरावांचं ऐकलं. आता खालच्या कमेंटमध्ये मला शिव्या पडणार आहेत ते मान्य करून लिहितो: मला वाटलं हे कोण आमच्या मास्तरांची नक्कल करतंय, आणि तीही घाईघाईत. अंतरा आला, 'कमलदल' झालं, आणि गवई न थांबता पुढे निघून गेला! मी आत्याला म्हटलं, थांबलेच नाहीत हे. ती म्हणाली, कुठे थांबायचं? मी म्हटलं, तिथे. तिने माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. ज्या माणसासाठी ती भूमिका, ज्याच्या गळ्यातून ते पद आख्ख्या महाराष्ट्राच्या कानात गेलं, त्याचं गाणं मला एका शाळामास्तराच्या गाण्याची अपुरी कॉपी वाटत होतं.

त्यानंतर हे पद मी कुठे कुठे ऐकलं त्याला गणती नाही. टीव्हीवरच्या स्पर्धांत आठ-दहा वर्षांची पोरं वसंतरावांची रेकॉर्ड तानेला तान घोटून येतात, कौतुकच आहे. याच नाटकावरून निघालेल्या २०१५ च्या सिनेमात खांसाहेबांसाठी राहुल देशपांडे गायले, म्हणजे खुद्द वसंतरावांचे नातू, थिएटरमध्ये लोक टाळ्या वाजवत होते आणि मी काळोखात बसून काळोख व्हायची वाट बघत होतो. बायको म्हणाली, रडतोयस की काय. रडत नव्हतो, मोजत होतो.

बरं, कानाचाही एक घोळ होता तो नंतर कळला. नोकरीला लागल्यावर एका पेटीवाल्या मित्राला ती कॅसेट कौतुकाने ऐकवली. दोन मिनिटांनी त्याने पेटी पुढे ओढली, सूर लावला, पुन्हा लावला आणि म्हणाला, अरे हा माणूस काळी एकला (पेटीची पट्टी) सुरू झालाय आणि सरकत सरकत वरच्या पांढरी तीनवर चाललाय, म्हणजे एकतर हा बेसूर आहे किंवा तुझ्या दादाचे सेल उतरले होते. सेलच उतरले होते. रेकॉर्ड करताना सेल उतरत गेले की टेप हळू फिरते, आणि तीच टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढतो आणि लयही वाढते. त्यामुळे माझ्या कॅसेटवर मास्तर गाता गाता आपोआप वर वर चढत जायचे, जसं काही उत्साहाने पेटलेत. ते चढणं मी मास्तरांच्या खाती जमा केलं होतं आणि बाकी सगळ्या गवयांना 'ढिम्म एकाच जागी बसून गातात' म्हणून नापास करत होतो!! मी ती शांतता घड्याळ लावून मोजलेली, नऊ सेकंद. मित्र म्हणाला, खरी दहाच्या वर असणार, वेग धर.

तेव्हापासून माझं मत असं झालंय, पटलं तर घ्या. एखादं लाइव्ह सादरीकरण पुढची सगळी व्हर्जन्स बिघडवतं तेव्हा त्यातलं चांगलं गाणं हे काम करत नाही. चांगलं गाणं ऐकलं की उलट तेच गाणं आणखी कोणाचं तरी ऐकावंसं वाटतं. बिघडवतो तो त्या रात्रीचा अपघात. लाइट जाणं, तार तुटणं, गवयाचा घसा बसलेला असणं आणि त्यामुळे त्याने वरचा सूर टाळून खालून वळसा घेणं. तो अपघात आपण गाण्याचाच भाग म्हणून पाठ करतो आणि मग दुसऱ्याच्या गाण्यात तो शोधत बसतो, त्या बिचाऱ्याला माहीतही नसतं.

शास्त्रीय गाण्यातल्या ख्यालाच्या बाबतीत हे इतकं होत नाही हे तुम्हीही बघितलं असेल. एकच बंदिश, एकच गवई, सोमवारी वेगळी आणि गुरुवारी वेगळी, तिथे वेगळं होणं गृहीतच असतं, त्यामुळे ऐकणारा काही ठरवून बसत नाही. सिनेमाचं गाणं दुसऱ्या टोकाला, ते आधी रेकॉर्डवरच जन्मतं, लाइव्ह ऐकून रेकॉर्ड फिकी वाटली असं क्वचितच. नाट्यपद मधल्यामध्ये अडकलेलं. चाल बांधलेली, पण रंगभूमीवर गवई ती कितीही फुलवणार, वन्समोअर आला की पुन्हा नवीन काहीतरी. आणि जुन्या तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. माझ्या आजोबांनी बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलेलं, ते घरात त्यांची रेकॉर्ड लागली की उठून ओटीवर जाऊन बसायचे. आम्हाला वाटायचं आवडत नाही. आवडत होतं म्हणून जायचे.

आणि हे फक्त नंतरच्या व्हर्जन्सचं होतं असंही नाही, कधीकधी आधीचंच पुसलं जातं. 'मानापमान' १९११ चं, खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे मास्टर दीनानाथ त्यातला नायक धैर्यधर करायला लागले तेव्हा त्यांनी 'शूरा मी वंदिले'सारखी पदं आपल्या पद्धतीच्या चालीत गायली, त्यावर तेव्हा कुरकुरही झाली. आज शूरा मी वंदिले म्हटलं की कानात येते ती दीनानाथांची. मूळ चालीवर जीव असलेले प्रेक्षकही तेव्हा असतीलच ना, तुमच्यासारखेच 'हे ते नव्हे' म्हणत घरी गेलेले. आणि वसंतराव स्वतः दीनानाथांच्या गायकीने भारलेले, म्हणजे बघा, साखळी कुठून कुठे जाते.

तुमच्यासाठी एकच प्रॅक्टिकल गोष्ट सांगतो. त्या मैफिलीतला अपघात कोणता ते शोधा, रेकॉर्डिंग असेल तर पेटीवाला मित्र बसवून शोधा. सापडला म्हणून बरं वाटत नाही, पण दुसऱ्या गवयांवरचा राग कमी होतो. आणि त्याच शब्दांची दुसरी चाल असेल तर ती ऐका. मला सालगवराळीतलं घेई छंद आजही निवांत ऐकता येतं, कोणाचंही, कारण त्या चालीत माझे लाइट कधी गेले नाहीत.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मास्तरांकडे गेलो होतो. ऐंशीच्या पुढचे, कवळी, पण पेटी खोलीतच. कॅसेटचं सांगितलं तर खूश झाले आणि आपणहून घेई छंद लावलं. आवाज थकलेला पण सुराला पक्के. 'मिटता कमलदल' आलं, मी श्वास धरला, आणि मास्तर सरळ पुढे गेले. वसंतरावांसारखेच.

म्हटलं, मास्तर, तुम्ही त्या रात्री इथे थांबला होतात. केवढे थांबला होतात. ती जागा तुम्हाला सुचली कशी?

मास्तर हसायलाच लागले. "अरे मेल्या, सुचतेय कसली. पद नवीन बसवलेलं, वहीत लिहून समोर ठेवलेलं. लाइट गेले आणि पुढची ओळ दिसेना. आठवत बसलो होतो."

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग म्हटलं, एकदा तरी तसं थांबून म्हणा ना, माझ्यासाठी. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, 'कमलदल'पाशी आले, भाता धरला, माझ्याकडे बघितलं, आणि दोन सेकंदांत पुढे सुटले. म्हणाले, "नाही जमत रे. आता पाठ आहे ना."