पऱ्हाटी कोणाच्या पोटात?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. तिथल्या वाचनालयात शेतीची पुस्तकं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं विषयवार लावणं चालू आहे. कपाशी, पऱ्हाटी, कापूस, रुई, सरकी, ढेप हे समानार्थी धरून एकाच नावाखाली ठेवायचे का? नसतील, तर कोणाला कोणाच्या पोटात घालायचं?

भाऊ, एकाच नावाखाली मुळीच नको. घोळ तुमच्या त्या 'पोटात'मध्ये आहे. रजत वाण कपाशीच्या पोटात आणि बोंडही कपाशीच्या पोटात, असं आपण सहज बोलून जातो. पण 'रजत ही कपाशी आहे' हे वाक्य खरं, 'बोंड ही कपाशी आहे' हे खोटं. पहिलं नातं प्रकाराचं, दुसरं अवयवाचं. शंका आली की असं 'आहे'चं वाक्य करून पाहायचं. ढेप तर दोन्हींत बसत नाही. सरकीतून, म्हणजे कापसाच्या बियांतून, तेल काढल्यावर मागे राहते ती ढेप. तिची माहिती शोधत येणाऱ्याला म्हशीच्या दुधाची चिंता असते, कपाशीच्या लागवडीची नाही. तिला पशुखाद्यात बसवा आणि सरकीच्या कार्डावर 'ढेप हेही पाहा' एवढं लिहा.

खरी मेख दोनच शब्दांत आहे. पावसाळ्यात कोणी "पऱ्हाटी कशी हाये यंदा?" विचारलं तर ते उभं पीक. उन्हाळ्यात तीच पऱ्हाटी म्हणजे उपटून बांधावर रचलेल्या, चुलीत जाणाऱ्या वाळक्या काड्या. शब्द एक, संकल्पना दोन. म्हणून कार्डंही दोन: पऱ्हाटी (पीक) आणि पऱ्हाटी (सरपण). पिकाचं मुख्य नाव मी 'कपाशी' ठेवेन, कारण त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही. पण पऱ्हाटीचं कार्ड 'कपाशी पाहा' लिहून जागेवर हवंच, गावातला माणूस विचारणार त्याच शब्दाने.

दुसरा शब्द कापूस, आणि हा जास्त फसवतो. बाजार समितीत क्विंटलला जो भाव निघतो तो सरकीसकट कापसाचा. बातमीत 'देशात इतक्या लाख गाठी कापूस' येतं तेव्हा मात्र ती जिनिंगमधून, म्हणजे सरकी वेगळी काढून, निघालेली रुई असते, गाठ 170 किलोची. कापसाच्या वजनात रुई साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे एका गाठीमागे पाचेक क्विंटल कापूस लागतो. ही दोन कात्रणं 'कापूस उत्पादन' अशा एकाच पाकिटात गेली, तर पोरं आकडे शेजारी शेजारी ठेवून भलताच हिशेब करतील. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणातही पीक म्हणून कापूस 633.51 वर आणि कापड-धाग्याचा धंदा 677 मध्ये असा दूर दूर आहे. पुस्तकांच्या पाठीवर ते आकडे असतील तर त्यांचा आधार घ्या.

2017 च्या गुलाबी बोंडअळीच्या कात्रणांना एकच पोट शोधत बसू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडायची रीत दिली. आपल्यापुरतं तिचं सोपं रूप असं: पीक कपाशी, कीड बोंडअळी, काम फवारणी, ठिकाण यवतमाळ, साल 2017. प्रत्येक पैलूचं कार्ड वेगळं, कात्रण एकच.

आणि सीतादही? पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, म्हणून कोणी ते 'वेचणीचा प्रकार' म्हणून लावेल. 'सीतादही ही वेचणी आहे' म्हणून पाहा, जमत नाही. ते सणवारात लावा. वेचणीच्या कार्डावर 'हेही पाहा' पुरे.