माशांच्या पिल्लांचा अभ्यास करून नोकरी मिळेल का?

हर्णैहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, बायोलॉजी घेतलेली. घरची बोट आहे. प्लास्टिकचे बारीक कण आणि जड धातू यांनी माशांच्या पिल्लांचं काय होतं, हेच तिला शिकायचंय. नातेवाईक म्हणतात, कोळ्याच्या पोरीला मासे शिकायला कॉलेज कशाला? त्यापेक्षा नर्सिंगला घालावं का, असं आई विचारते.

ताई, नर्सिंग चांगलं आहे, पण तिची ओढ दुसरीकडे आहे आणि तिचा प्रश्न अस्सल आहे. पाच मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. जाळ्याच्या झिजलेल्या धाग्याचे कणही त्यातच आले. उन्हात, खाऱ्या पाण्यात तो कण जुना झाला की खडबडीत होतो, त्यावर बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातलं शिसं, कॅडमियम, तांबं त्याला चिकटतं. पिल्लू तो खाद्य समजून गिळतं. त्याचे कल्ले, यकृत अजून पुरते तयार नसतात, म्हणून मोठ्या माशाला झेपतं ते त्याला झेपत नाही.

पण दोन विषं एकत्र आली की त्रास दुप्पट, असं सरळ गणित नाही. कधी प्लास्टिक धातू धरून ठेवतं आणि पिल्लापर्यंत तो कमी पोचतो, कधी तोच धातू पोटात जाऊन सुटतो. पोर्तुगालमधल्या 2015 च्या एका अभ्यासात आपल्या निवट्यांच्या नात्यातल्या गोबी माशाच्या पिल्लांना क्रोमियम आणि प्लास्टिकचे कण एकत्र दिले, तेव्हा त्यांचं भक्ष्य पकडणं मंदावलं. पिल्लू जिवंत राहिलं, पण शिकार चुकत गेली तर ते वाढणार कसं? आपल्या खाड्यांतल्या पिल्लांसाठी हा प्रश्न कोणीतरी नीट विचारायलाच हवा.

वाट लांब आहे, ते लपवत नाही. रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे. तिथे चार वर्षांची बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. मग आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, प्रवेश परीक्षा देऊन मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलपर्यावरण विषयात दोन वर्षांची एम.एफ.एस्सी. ही पुढची पदवी करता येते. विषशास्त्र खरं तिथे सुरू होतं. संशोधकच व्हायचं तर पुढे पीएच.डी. आहेच. मध्येच थांबली तरी पदवी वाया जात नाही: मत्स्यव्यवसाय खातं, कोळंबी संवर्धन, निर्यातीच्या माशांतले धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत.

मला काळजी एकाच गोष्टीची वाटते. तिचं केमिस्ट्री कसं आहे? पत्रात बायोलॉजीचंच कौतुक आहे. या विषयात निम्मं काम रसायनाचं असतं, तेव्हा या वर्षी तिकडे जास्त लक्ष द्यायला सांगा.

आणि आंजर्ल्याच्या खाडीत बोयांची पिल्लं कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला दिसतात, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून तिला वहीत लिहून ठेवू दे. उद्या नमुने कधी घ्यायचे हे ठरवताना तिला तीच वही उघडावी लागेल.