चक्कर येते म्हणून गोळी सोडू का?

वाचकांचे प्रश्न : नसांचं दुखणं

प्रश्न : माझं वय ६१, मधुमेहाला १४ वर्षं झाली. वर्षभर रात्री तळपाय असे जळतात की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. डॉक्टरांनी प्रीगाबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन अशी एकत्र कॅप्सूल झोपताना घ्यायला दिली. जळजळ थोडी कमी वाटली, पण रात्री बाथरूमला उठले की तोल जायचा आणि दुपारपर्यंत झापड असायची. पाचव्या दिवशी घाबरून बंद केली. सूनबाई म्हणतात, अशा गोळ्यांची सवय लागते. घ्यावी की नको? (सांगली)

उत्तर : घ्यावी, पण तशीच नको. पाच दिवसांत जळजळ थोडी तरी उतरली ही चांगली खूण आहे. ती टिकवून चक्कर कमी करता येते का, हे आधी बघायला हवं.

सगळ्यात आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. प्रीगाबालिन यकृतात मोडत नाही, जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. चौदा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडं मंदावलेली असू शकतात. तसं असेल तर औषध अंगात साचतं आणि ७५ ची गोळी दुप्पट जोराची होऊन बसते. रिपोर्टवर क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर नावाचा आकडा असतो, मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात ते तो सांगतो. तो ६० च्या खाली असेल तर डोस साधारण निम्म्यावर आणतात, ३० च्या खाली आणखी कमी करतात. तुमची चक्कर निव्वळ यामुळेही असू शकेल.

दुसरी गोष्ट वेळेची. रिकाम्या पोटी घेतलेली कॅप्सूल तास-दीड तासात रक्तात सर्वांत जास्त चढते. जेवणासोबत घेतली तर तिला तीनेक तास लागतात आणि चढही कमी उंच होतो. अकराला झोपताना घेतली तर तिचा जोर मध्यरात्रीनंतर, म्हणजे नेमका बाथरूमला उठायच्या वेळी असतो. रात्री आठ-साडेआठला जेवणासोबत घेतली तर सकाळची झापडही लवकर उतरते. तिसरी गोष्ट ताकदीची. एकत्र कॅप्सूलमध्ये बहुधा ७५ च मिळते, पण साधं प्रीगाबालिन त्याहून कमी ताकदीतही येतं. त्यावरून सुरुवात करून आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

मिथाइलकोबालामिनचं गणित वेगळं आहे. ते ब-१२ जीवनसत्त्व आहे आणि शरीरात त्याची कमतरता असेल तरच त्याचा खरा उपयोग. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत ही कमतरता नेहमी सापडते, आणि तिच्यानेही पाय असेच जळतात. म्हणून ब-१२ ची तपासणी ती गोळी सुरू करण्यापूर्वी व्हायला हवी. आता केलीत तर आकडा फुगलेला दिसेल, तेव्हा पाच दिवस गोळी घेतल्याचं सांगायला विसरू नका.

या औषधाकडून काय मागायचं, तेही स्पष्ट असू द्या. दुखावलेली नस ते दुरुस्त करत नाही. ती मेंदूकडे जे खोटे संदेश पाठवत राहते, त्यांचा आवाज खाली आणतं. चाचण्यांचा हिशेब असा आहे की साधारण आठ जणांनी प्रीगाबालिन घेतलं, तर बिनऔषधाच्या गोळीपेक्षा एका जास्त माणसाचं दुखणं अर्ध्यावर येतं. बाकीच्यांतही काहींना थोडा आराम पडतो, काहींना मुळीच नाही. त्यामुळे ही गोळी म्हणजे एक परीक्षा आहे, आणि तिला मुदत हवी. सोसेल तो डोस गाठल्यावर चार ते सहा आठवडे द्या. रोज रात्री वहीत तीनच नोंदी करा : जळजळ ० ते १० मध्ये किती, किती वेळा जाग आली, आणि एखादं ठरलेलं काम जमलं का (चप्पल घालून देवळापर्यंत जाणं, ओट्याशी अर्धा तास उभं राहणं). आठवरून साडेपाचवर आलात तरी तो खरा फायदा धरतात. पण मुदत संपल्यावर वहीत काहीच हललेलं नसेल, तर गोळी उतरवत बंद करायला सांगा. गुण नसलेली गोळी चार-चार वर्षं चालू राहते, कारण 'आता पुरे' असं कोणी म्हणतच नाही. आम्हाला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

गुंगी आणि चक्कर बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत बोथट होते. पाय सुजणं आणि वजन वाढणं मात्र तसं ओसरत नाही. मधुमेहात वाढलेलं वजन साखरही वर नेतं, म्हणून दर आठवड्याला वजन करा. शुगरच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर सूज दुप्पट होऊ शकते. हृदय कमजोर असेल तर हे औषध देण्याआधी दहादा विचार करतात. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल (जोरदार वेदनाशामक) किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध याच्यासोबत घेऊ नका, श्वास मंदावतो. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

सवयीबद्दल सूनबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आधी कुठलं व्यसन असलेल्यांना धोका खरा असतो. बाकीच्यांना गोळीची ओढ लागत नाही, पण महिनोन्महिने घेतल्यावर शरीर सरावतं आणि एकदम तोडली की घाम, घालमेल, झोप उडणं सुरू होतं. म्हणून निदान आठवडाभर, मोठा डोस असेल तर आणखी हळू उतरवतात. पाच दिवसांनी ७५ ची गोळी सोडल्याने तुमचं काही बिघडलेलं नाही.

आणि बाथरूमपर्यंतच्या वाटेवर आजच रात्रीचा दिवा लावा. उठताना दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसा. खुब्याचं हाड मोडणं हे जळजळीपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे.

हे सगळं करूनही जमलं नाही तर? मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यावर ब्रिटनमध्ये झालेली एक मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगाबालिन, तिन्हींनी सरासरी सारखाच आराम दिला. म्हणजे औषध कशावरून निवडायचं, तर तुमच्या शरीराला कुठला त्रास चालेल आणि कुठला मुळीच चालणार नाही, यावरून. पुढच्या तिन्ही पत्रांत तोच मुद्दा आहे.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी छातीवर नागीण उठली. फोड सुकले, पण चमका थांबत नाहीत, सदराही टोचतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ रात्री सुरू केल्यापासून झोप छान लागते. मात्र तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही आणि लघवीला फार वेळ उभं राहावं लागतं. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून आहे. झोप लागते म्हणून चालू ठेवावी का? (पुणे)

उत्तर : तोंडाची कोरड चालवून घेता येईल, लघवीचं चालवून घेऊ नका. हे औषध मूत्राशयाचं आकुंचन ढिलं करतं. प्रोस्टेटने वाट आधीच अरुंद केलेली असताना एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडू शकते. सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट दुखून फुगलं, तर थेट रुग्णालयात न्या, नळी घालावी लागते.

डॉक्टरांना या आठवड्यात भेटून प्रोस्टेटचं स्पष्ट सांगा. नसांचं औषध देणाऱ्याला ते ठाऊक नसणं सहज शक्य आहे. या वयात सुरुवात १० मिग्रॅवरून करतात. त्याआधी ईसीजी काढतात आणि काचबिंदूची चौकशी करतात, कारण डोळ्याचा कोन अरुंद असेल तर दाब एकदम चढू शकतो. नॉर्ट्रिप्टिलिन हे त्याच घराण्यातलं थोडं सौम्य औषध आहे, पण प्रोस्टेटच्या बाबतीत तेही निर्धोक नाही.

वडिलांची दुखरी जागा हातभर आणि ठरलेली आहे, त्यामुळे लिडोकेन ५ टक्क्यांच्या पट्टीबद्दल जरूर विचारा. दुखऱ्या जागी, न फाटलेल्या कोरड्या त्वचेवर १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची. एका वेळी जास्तीत जास्त तीन पट्ट्या, आणि त्या जागेच्या आकाराला कापता येतात. औषध रक्तात अगदी थोडं उतरतं, म्हणून गुंगी नाही आणि लघवीला त्रासही नाही. पट्टीवर शेक मात्र देऊ नका. मिरचीतल्या तिखटापासून बनवलेलं कॅप्सेसिनचं मलम स्वस्त पडतं. ते दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं आणि पहिले दोन आठवडे उलट जास्त आग होते. बरेच जण तिथेच सोडून देतात. हातमोजा घालून लावा, डोळ्याला बोट लागू देऊ नका.

नागिणीनंतरचं दुखणं पुष्कळांत महिन्यागणिक आपणहून ओसरतं. तेव्हा जे काही चालू कराल ते दर तीन महिन्यांनी कमी करून बघा.

प्रश्न : वय ४४. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेलची केमो झाली. तेव्हापासून हाता-पायांची बोटं बधिर आहेत, सुया टोचतात. ड्युलॉक्सेटिन ३० दिलं आहे. ते नैराश्याचं औषध आहे असं कळलं. मला तर नैराश्य नाही! मळमळही फार होते. कर्करोग परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन चालू आहे. (नाशिक)

उत्तर : नैराश्याचा शिक्का मनातून काढा. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारे काही धागे दुखण्याला ब्रेक लावतात. त्यांना लागणारी रसायनं हे औषध जास्त वेळ टिकवून धरतं. केमोनंतरच्या अशा दुखण्यावर ज्याला पुराव्याचा आधार आहे, असं हे जवळजवळ एकमेव औषध आहे. टोचणं-दुखणं कमी होईल, बधिरपणा फारसा हलणार नाही.

पण तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द शेवटचा आहे. टॅमॉक्सिफेन यकृतातल्या एका एन्झाइममुळे खऱ्या अर्थाने कामाला लागतं, आणि ड्युलॉक्सेटिन तेच एन्झाइम मंदावतं. दोन्ही एकत्र चालवायची की नाही, हे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायला हवं. लगेच फोन करा. तोवर टॅमॉक्सिफेन चुकवू नका आणि ड्युलॉक्सेटिनही मनाने एकदम तोडू नका. चालू ठेवायचं ठरलं तर मळमळीसाठी भरल्या पोटी घ्या. बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते. कॅप्सूल फोडून पाण्यात मिसळू नका, आतल्या दाण्यांवरचं कवच जठरातल्या आम्लापासून औषध वाचवतं. रक्तदाब दर महिन्याला बघा. ट्रॅमाडॉल सोबत घेऊ नका.

प्रश्न : जबड्यात करंट लागल्यासारखी कळ यायची. कार्बामाझेपिनने दोन दिवसांत थांबली. आता तीन आठवड्यांनी अंगावर लाल पुरळ आलं आहे. एवढा गुण आहे तर सोसावं का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. या पत्राचं उत्तर आम्ही मिळताच कळवलं, इथे इतरांसाठी छापत आहोत. वर सगळीकडे 'एकदम तोडू नका' म्हटलं, पण कार्बामाझेपिनवर उठलेलं पुरळ हा त्याला अपवाद आहे. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सुटणं यांतलं काहीही असेल, तर मोठ्या रुग्णालयात. पहिल्या दोन महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो. बदली म्हणून ऑक्सकार्बाझेपिन सुचवलं गेलं, तर आधीच्या पुरळाची आठवण करून द्या, कारण अशा साधारण चौघांतल्या एकाला त्यावरही पुरळ उठतं. कार्बामाझेपिनचं नाव ठळक अक्षरांत लिहून तो कागद पाकिटात कायम ठेवा.