सोडू दे तिला नोकरी, खरं पुढचा साहेब कसा आहे ते आधी बघू दे

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. बेळगावातल्या वडगावच्या या काकांनी आयुष्यभर मागावर काम केलंय. मुलगी २६ वर्षांची, बी.कॉम., उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ४ वर्षं ७ महिने झाले ॲडमिनचं काम करते. पगार २० हजाराच्या आसपास, त्यात बेसिक १३ हजार. साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, फाईल टेबलावर आपटतात, आज एक सांगतात आणि उद्या मी असं म्हटलंच नव्हतं म्हणतात, स्वतःच्या पोरांच्या ॲडमिशनचे फॉर्मसुद्धा तिलाच भरायला लावतात, आणि रात्री १० नंतर व्हॉट्सॲप कॉल करतात. रविवारी संध्याकाळ झाली की पोरीचं पोट बिघडतं. तिला उद्याच राजीनामा द्यायचाय. घरच्यांचं म्हणणं की साहेब म्हणजे असेच असतात, सरकारी नोकरी लागेपर्यंत कळ काढ, नाहीतर लग्न ठरलं की आपोआप सुटेल. काकांचा प्रश्न सरळ आहे, पोरीला सोसायला शिकवू की सोडायला सांगू?

काका, सोडायला सांगा. खरं उद्या नको, पाचेक महिन्यांनी, दुसरी जागा हातात घेऊन.

साहेब असेच असतात हे मला पटत नाही. कडक साहेब वेगळा आणि हा वेगळा. कडक साहेब डिस्पॅच लेट झाला म्हणून ओरडेल, दुसऱ्या दिवशी विसरेल, आणि वर्षभरानं त्याच्याच हाताखाली आपण चार गोष्टी शिकलो असं लक्षात येईल. तुमच्या पोरीचा साहेब कामावर नाही, माणसावर ओरडतो, आणि सांगितलेलं नाकबूल करतो, हे दुसरं जास्त वाईट कारण अशा ठिकाणी शहाणा माणूससुद्धा हळूहळू स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. रविवारी पोट बिघडतंय म्हणजे ती नाटक करत नाहीये. आणि लग्न ठरलं की सुटेल हा विचार तर कृपा करून डोक्यातून काढा, नोकरीचा त्रास हे नोकरी बदलायचं कारण आहे, स्थळ पसंत करायचं नाही, दोन्ही एकत्र केलं की दोन्हीत घाई होते.

एक गोष्ट आधी बोलून घेते. रात्री १० नंतरचे कॉल कामाचेच असतात का, हे तिच्या आईला शांतपणे विचारायला सांगा, ओरडून नको, तू काय केलंस असं तर अजिबात नको. कॉल तसल्या बोलण्याचे असतील तर मामला नोकरी बदलण्यापुरता राहत नाही. २०१३ चा कायदा आहे, १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे, ती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तक्रार साधारणपणे ३ महिन्यांच्या आत करायची असते, आणि १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे. मेसेज, कॉल लॉग काही डिलीट करू नका. फक्त कामाचाच ताप असेल तर पुढचं वाचा, आणि पुढचं तिलाच वाचायला द्या काका, मी तिच्याशीच बोलते.

हे बघ, तुझ्या बाबतीत तारखेचा एक हिशेब आहे. पर्मनंट माणसाची सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते. शेवटचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुझं १३ हजार बेसिक धरलं तर वर्षाला ७,५०० आणि ५ वर्षांचे ३७,५०० होतात. तुझे ५ महिने राहिलेत. नोकरी शोधायला तीन-चार महिने जातातच, वर एक महिना नोटीस, म्हणजे आज शोधायला सुरुवात केलीस तर ५ वर्षं तशीही भरत येतील. म्हणून म्हणते उद्या राजीनामा नको. खरं तब्येत आणखी बिघडायला लागली तर ३७,५०० वर पाणी सोड आणि बाहेर पड, त्या पैशासाठी दवाखाना मागे लावून घेऊ नकोस.

आता कागद. या आठवड्यातच यूएएननं, म्हणजे पीएफच्या तुझ्या कायमच्या नंबरनं, लॉगिन करून पीएफचं पासबुक बघ, दर महिन्याचा भरणा दिसतोय का. नवीन ठिकाणी तोच यूएएन द्यायचा आणि पैसे काढायचे नाहीत, ट्रान्सफर करायचे, कारण पीएफची पेन्शन मिळायला एकूण १० वर्षांची सर्व्हिस लागते आणि ती सगळ्या नोकऱ्यांची मिळून धरतात. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, इन्क्रिमेंटचं पत्र असेल तर तेही स्वतःच्या मेलवर घे, लेटर दिलंच नसेल तर पगार जमा होतो त्या बँकेचं स्टेटमेंट काढून ठेव. फक्त आपले कागद घ्यायचे हं, कंपनीची पार्टी लिस्ट, रेट, ड्रॉईंग यातलं एक पानसुद्धा नको, नाहीतर उद्या साहेबाला बोलायला जागा मिळेल.

बायोडाटा तू पाठवलायस तो मी बघितला आणि मला वाईट वाटलं, एवढं काम करणारी पोरगी स्वतःबद्दल हार्डवर्किंग आणि ऑनेस्ट एवढंच लिहिते. ते काढ. बाबांच्या पत्रातून मला कळलं की ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ चा (विक्रीच्या जीएसटी रिटर्नचा) सेल्सचा डेटा तू सीएकडे पोचवतेस, १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन तू काढतेस, ५० हजाराच्या वरचा माल गेटबाहेर जाताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाईन कागद) तू करतेस, मस्टर, ओव्हरटाईम, पेटी कॅश, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडणं सगळं तुझ्याकडे. हेच लिही, असंच लिही. टॅलीत काय काय येतं ते एंट्रीच्या नावानं लिही. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट येत नसेल तर शिकून घे, महिनाभर रोज थोडा वेळ दिलास तरी पुरे.

आणि आता माझं मुख्य म्हणणं. साहेबाच्या त्रासाला कंटाळून नोकरी बदलणारी बरीच मुलं-मुली मी बघते, त्यातली कितीतरी वर्षभरात परत तेच रडगाणं घेऊन येतात, कारण नवीन ठिकाणी जाताना त्यांनी पगार विचारला, सुट्टी विचारली, अंतर विचारलं, खरं साहेब कसा आहे हे कुणालाच विचारलं नाही. बेळगाव लहान आहे. उद्यमबागेतले मालक एकमेकांना ओळखतात, एकाच क्लबात, एकाच लग्नात भेटतात, म्हणून तुला भीती वाटते की मी कुठं अर्ज केला की साहेबांना कळेल, आणि ती भीती खरी आहे. खरं गाव लहान असणं हेच तुझ्याही उपयोगाचं आहे की गं. तू रोज कुणाशी बोलतेस बघ, सीएच्या ऑफिसातली पोरं, पीएफ-ईएसआयचं काम बघणारा कन्सल्टंट, बँकेतला काऊंटरचा माणूस, ट्रान्सपोर्टचा बुकिंग क्लार्क. ही माणसं अनेक कारखान्यांच्या आत बाहेर करतात. कुठल्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी नवीन पोरगी दिसते, कुठं पगार ७ तारखेला होतो आणि कुठं २० ला, कुठं पीएफ वेळेवर भरतात, कुठला मालक प्यूनशीसुद्धा नीट बोलतो, हे सगळं त्यांना माहीत असतं. यातल्या विश्वासातल्या दोघांनाच सांग, तिसऱ्याला नको, आणि नोकरी द्या म्हणू नकोस, अमुक ऑफिस कसं आहे एवढंच विचार.

एचआरच्या जॉबवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायोडाटा टाकू नकोस, त्या ग्रुपात तुझा साहेब किंवा त्याचा भाऊ असायचाच. नोकरीच्या वेबसाईटवर टाकताना आपल्या कंपनीला ब्लॉक करायची सोय कुठं असते ती आधी बघ. नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारा भेटला तर नंबर ब्लॉक कर. पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती मात्र बघत जा, आपल्याकडं लहान ऑफिसं अजून तिथंच जाहिरात देतात.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं तुझ्या कामाला मागणी आहे, खरं मी तुझ्या जागी असते तर आधी साहेबाच्या गोतावळ्याच्या बाहेर बघितलं असतं. मोठी हॉस्पिटलं, इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांची ऑफिसं, सीएची फर्म, सौहार्द सोसायट्या (कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्था). सोसायटीत जाताना जरा बघून जा, डिपॉझिट आणायचं टार्गेट कारकुनाच्या गळ्यात टाकणाऱ्या असतात, तसलं असेल तर एका तापातून दुसऱ्या तापात पडशील. शिनोळीचाही विचार कर. वेंगुर्ला रोडवर बाची ओलांडली की महाराष्ट्र, चंदगड तालुका, आणि तिथली एमआयडीसी. शक्ती योजनेमुळं २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही, पण ती सवलत राज्याच्या आतल्या प्रवासाची, हद्द ओलांडणाऱ्या बसला लागते का ते आधी विचारून घे. वडगावहून सीबीटी बसस्टँड आणि तिथून पुढं रोजची दगदग किती होते ते मात्र एक दिवस स्वतः जाऊन बघ, कागदावर सगळं जवळ वाटतं. हत्तरगीच्या एरोस्पेसच्या एसईझेडलाही (विशेष आर्थिक क्षेत्रालाही) ॲडमिनची माणसं लागतात, लांब आहे, कंपनीची बस असेल तरच. (निपाणीकडचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना कागलची पंचतारांकित एमआयडीसी जवळ पडेल.)

मुलाखतीत का सोडताय हा प्रश्न येणारच. साहेबाबद्दल एक वाईट शब्द काढू नकोस, समोरचा साहेबच असतो आणि तो साहेबाच्या बाजूनंच ऐकतो. असं सांग, "पाच वर्षं होत आली, मस्टरपासून जीएसटीच्या डेटापर्यंत सगळं हाताळलंय, तिथं आता नवीन जबाबदारी मिळण्यासारखी नाही, म्हणून बघतेय." यात खोटं काहीच नाही. मग तू विचार. या जागेवर आधी कोण होतं आणि किती दिवस होतं? मी कुणाला रिपोर्ट करायचं, एकालाच की दोन-तीन भागीदारांना? सुट्टीच्या दिवशी काम आलं तर काय पद्धत आहे? विचारायला लाजू नकोस, या प्रश्नांवर चिडणारा माणूस पुढं कसा वागेल ते तिथंच कळेल. बाहेर थांबलीस की फोन खाली ठेव आणि आजूबाजूला बघ, साहेब आत आल्यावर ऑफिसातली माणसं बोलता बोलता गप्प होतात का. रेफरन्स म्हणून सध्याच्या साहेबाचं नाव देऊ नकोस, आधी सोडून गेलेले अकाऊंटंट किंवा स्टोअरचे मॅनेजर असतील तर त्यांना विचारून त्यांचं दे.

सरकारी नोकरीबद्दल तुम्हा दोघांनाही सांगते. तयारी जरूर कर, खरं ती या त्रासातून सुटायची वाट नव्हे, जाहिरात, परीक्षा, निकाल, ऑर्डर यात किती काळ जातो ते तुम्ही बघताच. कर्नाटकात केपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) एफडीएला, म्हणजे वरच्या श्रेणीच्या कारकुनाला, पदवी लागते, एसडीएला, म्हणजे खालच्या श्रेणीच्याला, पीयूसी (बारावी), आणि कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो. महाराष्ट्राकडं बघायचं तर सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना तिथल्या नोकरभरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो, तो आत्ताच काढायच्या मागं लागा, जाहिरात आल्यावर पळापळ नको.

आणि कन्नड. तू बाजारात छान बोलतेस, वाचायला अडखळतेस असं बाबा लिहितात. भाषेचा विषय आपल्याकडं किती हळवा आहे हे मला सांगायला नको, मीही मराठी शाळेतच शिकले. तरी सांगते, कन्नड लिहायला शीक आणि नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर टायपिंग कर. हॉस्पिटल असो, कॉलेज असो, सोसायटी असो, सरकारी खात्याचं पत्र आलं की ते वाचून उत्तर तयार करणारं माणूस प्रत्येक ऑफिसला हवं असतं. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिहिणारी ॲडमिन मिळाली तर तिच्यावर ओरडायच्या आधी साहेब दहादा विचार करेल.

नवीन ऑफर लेखी हातात आल्याशिवाय इथं एक शब्द बोलू नकोस. मग चार ओळींचा राजीनामा मेलनं, तक्रार काही लिहायची नाही, शेवटची तारीख लिहायची, अपॉइंटमेंट लेटरमध्ये असेल तेवढी नोटीस द्यायची आणि ती तारीख ५ वर्षं पूर्ण झाल्यानंतरची असू दे. कामाची यादी करून हँडओव्हर दे आणि त्यावर सही घे. रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर मागून घे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, अर्ज लेखी दे आणि पोच घे. उद्यमबागेत तुला कुठं नोकरी लागू देणार नाही असं साहेब म्हणाले तर घाबरू नकोस, उत्तरही देऊ नकोस. पगार किंवा ग्रॅच्युइटी अडवली तर कामगार खात्याचं ऑफिस आहे, ते वडिलांना घेऊन जायचं काम, रडत बसायचं नाही.

काका, तुमच्याकडून एवढंच हवंय की पुढचे चार महिने ती संध्याकाळी दमून आली की काय झालं आज म्हणून विचारू नका, तिला सांगावंसं वाटलं तर ऐका. पीएफचं पासबुक बघितलं की त्यात काय दिसलं ते आणि नवीन लिहिलेला बायोडाटा मला पाठवायला सांगा, मी दुरुस्त करून देते.