पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. विज्ञानाचा प्रत्येक धडा तीन-तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते. घरी सगळं येतं, पण पेपर हातात पडला की डोकं कोरं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

उत्तर : स्मरणशक्ती शाबूत आहे तुझी. मला शंका आहे ती ‘घरी सगळं येतं’ या वाक्याची. येतं, हे तू कसं ठरवलंस? पुस्तक उघडं ठेवूनच ना?

माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिची वही बघत राहावी अशी. व्याख्या गुलाबी, कारणं हिरवी, आकृत्यांची नावं निळी. हृदयाच्या धड्यावर चाचणी झाली आणि तिला वीसपैकी सात पडले. मधल्या सुट्टीत रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. मी तिच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, हृदय काढ आणि रक्त कुठून कुठे जातं ते बाणांनी दाखव. चार कप्पे तिने झटकन काढले. दोन अलिंदं, दोन निलयं, नावंसुद्धा बरोबर. मग खडू थांबला. ‘बाई, ती आकृती डावीकडच्या पानावर खाली आहे. फुप्फुसांची ओळ मी हिरवी केलीय.’ ओळ कुठे आहे, कुठल्या रंगाची आहे, सगळं तोंडपाठ. उजव्या निलयातून निघालेलं रक्त फुप्फुसांकडे जातं, एवढंच आठवेना.

रस्त्यात कुणीतरी भेटतं, चेहरा अगदी ओळखीचा असतो, दहा मिनिटं गप्पाही होतात, पण नाव काही केल्या आठवत नाही. पुन्हा पुन्हा वाचून धड्याशी होते ती ही चेहऱ्याची ओळख. पेपर मात्र नाव विचारतो.

यावर 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र वाचणाऱ्यांना 42 टक्केच आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पहिले आकडे नीट बघ. वाचून झाल्या झाल्या खरोखरच जास्त येत असतं, म्हणून तर आपण फसतो.

आता तू काय करायचंस ते सांगते. धडा एकदा सावकाश, समजून वाच. पुस्तक मिट आणि दप्तरात टाक. मांडीवर ठेवलंस तर हात तिकडे जाईलच. कोरा कागद घे आणि निळ्या शाईने आठवेल ते लिही. वाक्यं तोडकीमोडकी चालतील, आकृती वेडीवाकडी चालेल. अडलीस की लगेच पुस्तक काढू नकोस, दोन मिनिटं डोकं खाजव. ती दोन मिनिटं फुकट जात नाहीत, तिथेच तर काम चालू असतं. मग पुस्तक उघड आणि जे सुटलं, चुकलं ते त्याच कागदावर लाल शाईने भर. हा लाल भाग म्हणजे तुझा खरा अभ्यास. निळं पुन्हा वाचत बसायचं कारण नाही. दोन-तीन दिवसांनी नवा कागद, तीच निळी शाई, तीच लाल.

पहिला कागद बघून तुला रडू येईल, कारण तो जवळजवळ लालच असेल. माझ्या त्या मुलीचाही तसाच होता. तिसऱ्या कागदावर लाल शाईच्या चारच ओळी राहिल्या. (रंगवण्याचा सोस सुटला नाही तो नाहीच, पण ती आता फक्त चुकलेल्या गोष्टी रंगवायला लागली.)

आणि एक कबुली. ‘धडा पुन्हा एकदा वाचून या’ हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात म्हणत आले. ‘पुस्तक मिटा’ म्हणायला फार उशिरा शिकले.

प्रश्न : गणिताचा प्रत्येक सरावसंच मी पूर्ण सोडवतो. तेव्हा एकही गणित चुकत नाही. परीक्षेत मात्र कुठलं सूत्र लावायचं तेच कळत नाही. असं का होतं?

उत्तर : कारण सरावसंचाच्या मथळ्यातच उत्तर फुटलेलं असतं! वर ‘शंकूचे घनफळ’ असं छापलंय म्हटल्यावर खालची दहाच्या दहा गणितं शंकूचीच. पहिल्या गणितात सूत्र शोधलंस, उरलेल्या नऊमध्ये आकडे बदललेस. परीक्षेत मथळा नसतो. तिथे आधी हे ओळखावं लागतं की आकृती शंकूची आहे की वृत्तचितीची, आणि विचारलंय ते घनफळ की पृष्ठफळ. या ओळखण्याचा सराव तू कधी केलेलाच नाहीस.

रोहरर आणि टेलर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढायला दिली होती. एकेका प्रकाराची गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावात 89 टक्के बरोबर आली, सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सलगवाले 20 टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले 63 वर होते.

तेव्हा झालेल्या चार धड्यांतली पाच-पाच गणितं चिठ्ठ्यांवर उतरव. धड्याचं नाव लिहायचं नाही, मागे फक्त पान क्रमांक. चिठ्ठ्या पिसून एकेक उचल. सोडवायच्या आधी मोठ्याने म्हण, ‘हे अमुक प्रकारचं, कारण…’ कारण सांगता आलं नाही तर पेन उचलू नकोस. कधी वेळ कमी असेल तर नुसते प्रकार ओळखून चिठ्ठ्या बाजूला ठेवल्यास तरी चालेल. चुका वाढतील आणि तुझा मूड जाईल. जाऊ दे.

प्रश्न : परीक्षेला महिना आहे. मुलाने वेळापत्रक केलंय : पहिला आठवडा इतिहास, दुसरा भूगोल, तिसरा विज्ञान, चौथा गणित. ठीक आहे का?

उत्तर : नाही. परीक्षेच्या दिवशी त्याच्या इतिहासाला हात लागून तीन आठवडे उलटलेले असतील. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या लांबवल्या तरी चालतात. इतिहासाचे सलग सहा तास मोडून दीड-दीड तासाच्या चार बैठका करा आणि त्या महिनाभर पसरा. तास तितकेच. आणि हे वेळापत्रक त्याचं त्यालाच बदलू द्या. तुम्ही करून दिलंत तर ते भिंतीवरच राहील.

प्रश्न : मी फारशी शिकलेली नाही. मुलीचा अभ्यास घ्यावासा वाटतो, पण पुस्तकातलं मला कळत नाही.

उत्तर : ताई, कळत नाही हे तर तुमचं भांडवल आहे. तिला म्हणा, ‘मला समजेल असं सांग.’ पुस्तक तुमच्या हातात ठेवा. ‘म्हणजे काय?’ आणि ‘असं का?’ हे दोन प्रश्न पुरतात. ती अडखळली की आपल्याला राहवत नाही, आपण लगेच पुस्तक पुढे करतो. तसं करू नका. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. बहुतेक वेळा बारा-पंधराच्या आसपास तिला आठवेल. नाहीच आठवलं, तर पान तिलाच शोधू द्या. चुकलं म्हणून ओरडू मात्र नका, नाहीतर पुढच्या वेळी ती पुस्तक तुमच्या हातात देणारच नाही.

प्रश्न : पेपरच्या आदल्या रात्री जागू का?

उत्तर : नको. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करत असतो, तू त्याच्या कामात खोडा घालशील. संध्याकाळी फक्त ते लाल शाईचे कागद काढ, त्यातल्या अडणाऱ्या गोष्टी एकदा न बघता लिहून बघ, कंपासपेटी भर आणि झोप.