फ्लामेंकोचे गायन मूळचे भारतीयच आहे का, आणि ते ऐकायला सुरुवात कशापासून करावी?

नाही, फ्लामेंको या स्पेनमधील गायन-नृत्य परंपरेचे गायन मूळचे भारतीय नाही. ज्या हितानो समाजाने, म्हणजे स्पेनमधील रोमा लोकांनी, या गायनाला आकार दिला त्यांचे पूर्वज भारतातून गेले होते, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेले आहे. परंतु स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद 1425 सालची आहे, आणि आज ज्याला ‘कांते’ म्हणतात ते गायन त्यानंतर कित्येक पिढ्यांनी दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात, सेविया, काडिझ आणि खेरेस या पट्ट्यात, तिथल्या लोकगीतांच्या सहवासात घडले.

माझे थोरले मावसभाऊ शास्त्रीय संगीताचे जाणकार आहेत आणि त्यांना हे मुळीच मान्य नाही. खेरेसच्या सांतियागो भागातील एका पेन्यात, म्हणजे रसिकांनी चालवलेल्या मंडळात, आम्ही दोघे सोलेआ, म्हणजे बारा मात्रांचा एक फ्लामेंको गीतप्रकार, ऐकत होतो. गाणारे गृहस्थ वयस्क होते आणि साथीला एकच गिटार होती. बारा मात्रा ओळखताच मावसभावांनी एकताल धरला आणि पहिल्या मात्रेवर खणखणीत टाळी देऊ लागले. सोलेआमध्ये जोर 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर असतो आणि ओळ दहाव्या मात्रेवर मिटते, त्यामुळे प्रत्येक टाळी गायकाच्या वाटेत येत होती. शेवटी शेजारच्या आजोबांनी काहीही न बोलता त्यांचे मनगट धरले. बाहेर पडल्यावर मावसभाऊ म्हणाले, “आहे आपलेच, पण रियाजाअभावी बिघडलेले आहे. आवाज बघ किती घोगरा.”

ते ‘बिघडलेले’ मला आजही सहन होत नाही. फाटलेला, खरखरीत आवाज ही त्या परंपरेत कमावण्याची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील एल फियो या गायकाच्या नावावरून अशा आवाजाला ‘आफिया’ म्हणतात. 1749 मध्ये राजाज्ञेने स्पेनभर हितानोंची धरपकड झाली, कुटुंबे तोडली गेली आणि पुरुषांना नौदलाच्या गोद्यांमध्ये सक्तमजुरीला जुंपले गेले. तुरुंगाची, लोहाराच्या भट्टीची जी गाणी गिटारविना गायली जातात, त्यांतले दुःख आंदालुसियातले आहे, आणि त्यावर आपण हक्क सांगणे मला असभ्यपणाचे वाटते.

ऐकण्याची सुरुवात पास्तोरा पावोन, म्हणजेच ‘ला निन्या दे लोस पेइनेस’, या गायिकेपासून करावी, मग मानुएल तोरे या गायकाची सिगिरिया, म्हणजे दुःखाचा एक गीतप्रकार, ऐकावी. कामारोन हा गायक नंतर ऐकला तरी चालेल. नाचाच्या कार्यक्रमाने मात्र सुरुवात करू नये, कारण तिथे लक्ष पायांकडेच जाते.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे: 1922 मध्ये ग्रानादा येथे कांते होंदोची, म्हणजे गंभीर, खोल भावाच्या कांतेची, स्पर्धा भरवणाऱ्या मानुएल दे फाया या संगीतकाराने अर्धस्वराहून सूक्ष्म अंतरांच्या बाबतीत भारतीय गायनाशी असलेले साम्य नोंदवले होते. मावसभाऊ प्रत्येक वेळी हाच दाखला पुढे करतात. परंतु त्याच लेखनात फायाने बायझंटाइन चर्चचे गायन आणि अरबांचे आगमन हे प्रभावही सांगितले आहेत, आणि तो भाग ते कधीच वाचून दाखवत नाहीत.